पडद्यामागचे हात

सुट्टीत आम्ही मुलांना घेऊन मनोरंजन उद्यानात जातो, पाळण्यात बसतो, फोटो काढतो. ही मजा उभी करणारी माणसे मात्र आमच्या नजरेस पडत नाहीत.

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात १९७१ साली डिस्नेचे ‘मॅजिक किंगडम’ सुरू झाले. पाहुणे फिरतात तो तिथला वरचा मजला. खाली कामगारांचे बोगदे आहेत. जमिनीत पाणी लवकर लागते, म्हणून ते खोदले नाहीत. जमिनीवरच बांधले आणि शेजारचे तळे खोदताना निघालेली माती भोवती भरली. पोशाख बदलणे, जेवणे, मालाची ने-आण सारे तिथेच चालते. कचराही नळांतून हवेच्या जोराने ओढला जातो.

तिथे झाडूवाल्यालाही ‘नटसंचातला सदस्य’ म्हणतात. नाव मोठे, पण नुसत्या नावाने चूल पेटत नाही. तासाला किमान १५ डॉलर मिळावेत म्हणून कामगार संघटनांना झगडावे लागले. २०१८ मध्ये करार झाला आणि २०२१ पर्यंत टप्प्याटप्प्याने तेवढी मजुरी ठरली.

पुढच्या सहलीत मुलांना एवढे जरूर सांगू या: कागद डब्यातच टाका, आणि पाळण्याचा पट्टा तपासणाऱ्या भाईंना, झाडू मारणाऱ्या खालांना सलाम करायला विसरू नका.