यशोदा कोण झालं होतं?

सकाळचा तासभर हाताशी असेल तर योगासनं, नृत्य आणि आत्मविचार एकापाठोपाठ करता येतात. आत्मविचार म्हणजे ‘मी’ म्हणणारा नेमका कोण, याचा शोध. मी भरतनाट्यम करते, म्हणून इथे त्याचा क्रम दिला आहे. आपण कथक शिकत असाल तर अडवूंच्या जागी तत्कार घ्या.

सुरुवात आसनांनी, पंधरा-वीस मिनिटं. पतंजलींनी योगसूत्रांत आसनांसाठी जेमतेम तीन सूत्रं खर्च केली आहेत, आणि अटी दोनच घातल्या आहेत: स्थिरता आणि सुख. ताडासन, वृक्षासन, बद्धकोनासन आणि शेवटी शवासन पुरे. श्वास अडकला की समजा ताण जास्त झाला. थोडं सैल करा. शवासनात घोरायला लागलात तर रात्रीची झोप वाढवायला हवी.

मग अरमंडी, म्हणजे अर्धं बसणं: टाचा जवळ, पावलं बाहेर वळलेली, गुडघे दोन्ही बाजूंना वाकलेले. बहुतेकांचे गुडघे इथेच बिघडतात. वळण खुब्यातून यायला हवं. नुसती पावलं वळवली तर गुडघा पुढे झुकतो आणि पिळला जातो. एकदा खाली नजर टाका. गुडघा पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत दिसला पाहिजे. आत येत असेल तर पावलं कमी वळवा, थोडं वरच बसा. बद्धकोनासन आधी करायचं ते याचसाठी.

या बैठकीत तट्ट अडवू करा. अडवू म्हणजे नृत्याचं सगळ्यात लहान एकक. आधी संथ, मग दुप्पट, मग चौपट. चौपटीत मन जरा भटकलं की पाऊल चुकतं, दुसऱ्या कुणी सांगावं लागत नाही. (अलारिपूपासून तिल्लान्यापर्यंतचा कार्यक्रमाचा क्रम तंजावरच्या चार भावांनी घडवला, आणि त्यांना आश्रय होता सरफोजी राजे दुसरे यांचा. मराठी माणसाला हे नृत्य परकं नाही ते असं.)

आता अभिनय. लोणी चोरणारा कृष्ण आणि त्याला पकडणारी यशोदा एवढा प्रसंग घ्या. पोशाख तोच, नर्तकी एकच, पात्रं दोन. याला एकाहार्य अभिनय म्हणतात. कृष्ण होताना नजर वर, खांदे आखडलेले, मूठ पाठीमागे. यशोदा होताना नजर खाली, एक हात कमरेवर. नंदिकेश्वराच्या ‘अभिनयदर्पणा’त क्रमच सांगितला आहे: हातामागे नजर, नजरेमागे मन, मग भाव, मग रस. आरसा मात्र झाकून ठेवा. आरशासमोर यशोदा कृष्णाकडे बघतच नाही, ती स्वतः कशी दिसते तेच बघत बसते.

प्रसंग संपला की लगेच खाली बसा. एवढा वेळ यशोदाही होती, कृष्णही होता, दोघंही गेले. जो दोन्ही झाला आणि मागे उरला, तो कोण?

हा प्रश्न चालवायची रीत रमण महर्षींची. 1902च्या सुमारास तिरुवण्णामलैला शिवप्रकाशम पिळ्ळै यांनी त्यांना प्रश्न विचारले. महर्षी तेव्हा बोलत नसत, त्यांनी लिहून उत्तरं दिली. त्यातूनच ‘नान यार’, म्हणजे ‘मी कोण’, ही छोटी पुस्तिका झाली. रीत अशी: विचार आला की विचारायचं, हा कुणाला आला? मला. मग हा ‘मी’ कोण? उत्तर शब्दांत द्यायचं नाही. ‘मी’पणाची जी जाणीव असते, तिच्यापाशी थांबायचं.

चूक होते ती इथे. मी कित्येक महिने ‘मी कोण, मी कोण’ असा चक्क माळेवर जप केला. त्याने झोप छान लागली, एवढंच. प्रश्न असा कोरडा पडला तर मुंबईत खेतवाडीला राहिलेल्या निसर्गदत्त महाराजांची वाट धरा. विडीचं दुकान चालवणारे महाराज मराठीतच बोलत. त्यांना गुरू सिद्धरामेश्वर महाराजांनी ‘मी आहे’ या जाणिवेलाच धरून राहायला सांगितलं होतं. इथे विचारायचं काही नाही, नुसतं असायचं.

दहा मिनिटं बसलात तरी पुरे. मांडी दुखत असेल तर खुर्ची घ्या. घुंगरू मात्र आधी सोडून ठेवा. पाय जरा हलला की वाजतात, आणि मन लगेच त्यांच्यामागे जातं. विसरलात आणि वाजलेच, तर ते कुणाला ऐकू आले तेवढं विचारा.