भाताच्या दाण्यातील कॅडमियम

जपानमधील तोयामा प्रांतात, जिंझू नदीच्या काठी, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एका विलक्षण व्याधीने घर केले. रुग्ण बहुतांशी अनेक बाळंतपणे झालेल्या, उतारवयाकडे झुकलेल्या स्त्रिया असत. त्यांची हाडे इतकी दुबळी होत की, नुसत्या खोकल्यानेही ती मोडावीत. वेदनेने त्या ‘इताई, इताई’, म्हणजे ‘दुखते, दुखते’, असे कण्हत. व्याधीलाही तेच नाव पडले.

ही व्याधी आली कोठून? नदीच्या वरच्या अंगास कामिओका येथे जस्ताची व शिशाची खाण होती. जस्ताच्या खनिजात कॅडमियम हा धातू अल्प प्रमाणात असतो. सांडपाण्याबरोबर तो नदीत, नदीतून पाटात आणि पाटातून भातखाचरांत उतरला. डॉ. नोबोरू हागिनो व त्यांचे सहकारी यांनी १९६१ मध्ये हा कार्यकारणसंबंध मांडला. १९६८ मध्ये जपान सरकारने तो मान्य केला.

मँगनीजसारखी आवश्यक द्रव्ये भाताची मुळे ज्या वाटेने शोषतात, त्याच वाटेने कॅडमियमही आत शिरते. खाचरात पाणी उभे असता मातीत प्राणवायू नसतो व कॅडमियम गंधकाशी जखडून राहते. कापणीपूर्वी पाणी काढून दिले की मातीत हवा खेळते, ही जखड सुटते आणि दाणा भरण्याच्या काळातच तो धातू मुळांच्या हाती लागतो.

अशा तांदळाचा दोष रंगावरून वा चवीवरून कळत नाही. अन्नावाटे आलेले कॅडमियम मूत्रपिंडात वर्षानुवर्षे साचते. मूत्रपिंडे निकामी होऊ लागली म्हणजे हाडांस आवश्यक असलेली फॉस्फरससारखी द्रव्ये मूत्रावाटे वाहून जातात व हाडे मृदू होतात. शरीरात लोहाची उणीव असल्यास हा धातू अधिकच शोषला जातो.

दाणा निसवण्याच्या सुमारास खाचरात पाणी राखल्यास कॅडमियमला आळा बसतो. परंतु त्याच पाण्यामुळे मातीतील आर्सेनिक, म्हणजे सोमल, मोकळा होतो. म्हणून मातीची परीक्षा केल्यावाचून कोणताही उपाय योजणे इष्ट नव्हे. आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेने सडलेल्या तांदळात किलोग्रॅममागे ०.४ मिलिग्रॅम कॅडमियम ही कमाल मर्यादा ठरविली आहे.

धातू कुजत नाही, जळून नाहीसा होत नाही. जिंझूकाठची शेते पुन्हा निर्धोक करण्यास तीस वर्षांहून अधिक काळ लागला; ते काम २०१२ मध्ये संपले. सांडपाणी खाणीच्या दाराशीच अडविले असते, तर हे कष्ट आणि त्या स्त्रियांच्या यातना दोन्ही टळल्या असत्या.