विहिरीच्या पाण्यातला शेजारधर्म

शेजारधर्म म्हटला की आपल्याला विरजणाची वाटी आठवते, लग्नकार्यातली मदत आठवते. पण विहिरीवर पंप लावतानाही शेजारधर्म असतो, हे आपल्याच जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती धर्मगुरूने दाखवून दिलं. ते म्हणजे वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. (वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी.)

१९८०च्या दशकात मुंबई वसईपर्यंत पसरली. इमारती उभ्या राहिल्या, पण नळाला पाणी नव्हतं. मग बागायती पट्ट्यातल्या विहिरींवर टँकर लागू लागले. केळी, पानवेली, भाजीपाला पिकवणाऱ्या वाडीपेक्षा पाणी विकणं सोपं वाटू लागलं. विकणाऱ्याचं म्हणणं एकच, विहीर माझी, वीजबिल माझं, तुला काय करायचंय?

इथेच खरी मेख आहे. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. गोड्या पाण्याची पातळी एक फूट उतरली की खालचं खारं पाणी सुमारे चाळीस फूट वर सरकतं, असा भूजलशास्त्राचा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे पैसे एकाच्या खिशात आणि खार शेजाऱ्याच्या विहिरीत. पाणी काय सातबारा बघून थांबतं?

दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली टँकर आणि बेसुमार बांधकामाविरुद्ध लोक उभे केले. हिंदू आले, ख्रिस्ती आले. फादरांना धमक्या आल्या, तरी ते मागे हटले नाहीत. धर्मगुरूने पाण्याच्या भानगडीत पडावंच कशाला, असं विचारणारे सगळीकडे असतात. त्याचं उत्तर बायबलमध्येच आहे. माझा शेजारी कोण, असं एका शास्त्र्याने येशूला विचारलं, तेव्हा येशूने गोष्ट सांगितली. लुटारूंनी वाटेवर मारून टाकलेल्या माणसाला पाहून याजक बाजूने निघून गेला, लेवी निघून गेला. थांबला तो शोमरोनी, ज्याला यहुदी हलका समजत. जखमा बांधून, आपल्या जनावरावर घालून त्याने त्याला उतारशाळेत नेलं आणि खर्चही दिला. जातभाई तेवढाच शेजारी, हा हिशेब त्या गोष्टीने मोडला.

१९८३ ते २००७ ‘सुवार्ता’ मासिकाचं संपादन करणारे, बायबल सोप्या मराठीत आणणारे, २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी गेले. लेखक म्हणून त्यांचा मान मोठा, पण आम्हा खेड्यातल्या माणसांना पाण्याचा लढा जास्त जवळचा वाटतो.

बोईसर-तारापूरकडे हाच प्रश्न उलट्या बाजूने येतो. तिथे उपसा नव्हे, सोडलेलं पाणी शेजाऱ्याला भोवतं. कारखान्यांच्या सांडपाण्याविरुद्ध मांगेला समाजाच्या परिषदेला राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागावी लागली.

सरपंच, ग्रामसेवकांनी एक लक्षात ठेवावं. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर नको, हे १९९३च्या कायद्यानेच सांगितलं होतं. पुढे त्याच्या जागी २००९चा भूजल कायदा आला. तक्रार येईपर्यंत थांबू नका. आणि बागायतदारांनो, येत्या मे महिन्यात आपल्या विहिरीत दोरी सोडून पाणी किती हातांवर आहे ते मोजा. मग तीच दोरी घेऊन शेजाऱ्याच्या विहिरीवर जा, आणि त्याचं पाणी चाखूनही बघा.