कार्डं किती लागतील, हे सांगणारा माणूस

पुलगावात ‘डेपोत आहे’ म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही. ‘सोल्यूशन आर्किटेक्ट आहे’ म्हटलं की मात्र चौकशी सुरू. घरांचे नकाशे काढतो का? नाही, एआयचं हार्डवेअर घेणाऱ्या कंपन्यांबरोबर काम करतो. म्हणजे सेल्समध्येच की!

सेल्सच्या माणसाशेजारी तो बसतो, हे खरं. टार्गेटही पुष्कळदा त्याला चिकटलेलं असतं. पण त्याचं खरं काम सायझिंगचं, म्हणजे किती यंत्रणा लागेल ते ठरवण्याचं. समजा, ग्राहकाला लामा ३ चं ७० अब्ज पॅरामीटरचं मॉडेल स्वतःकडे चालवायचंय. १६ बिटांत ठेवलं तर दर पॅरामीटरला २ बाइट, म्हणजे नुसत्या मॉडेललाच १४० जीबी मेमरी. एनव्हिडियाच्या एच१०० कार्डावर ८० जीबी असते, म्हणून दोन कार्डं. उरले जेमतेम २० जीबी. त्यात प्रत्येक चालू संभाषणाची केव्ही कॅश, म्हणजे आधीच्या मजकुराची मॉडेलनं साठवलेली आठवण, ठेवायची. आठ हजार टोकनांचं (शब्दांच्या तुकड्यांचं) एक संभाषण अडीच जीबीहून जास्त खातं. सात जण बोलायला लागले की जागा संपली! मग चार कार्डं घ्यायची, की मॉडेल ४ बिटांवर आणून ३५ जीबीत बसवायचं? त्यानं उत्तरं बिघडतात का, हे ग्राहकाच्याच कागदपत्रांवर पीओसी, म्हणजे छोटी चाचणी, करून बघावं लागतं. कागद मराठी असतील तर मराठीतच. कधी कधी या खटाटोपानंतर ऑर्डर लहान होते. सेल्सवाल्याचं तोंड तेव्हा बघण्यासारखं असतं.

‘चिप आली की झालं’ हाही गैरसमजच. आठ कार्डांचं डीजीएक्स एच१०० यंत्र १०.२ किलोवॉटपर्यंत वीज ओढतं आणि खोली ३० अंशांच्या आत मागतं. आपल्याकडचा मे महिना ४५ अंशांचा. वीज, कूलिंग, नेटवर्क सगळं आधी ठरावं लागतं. पुण्यात सी-डॅकचा परम सिद्धि-एआय हा महासंगणक नोव्हेंबर २०२० मध्ये जगाच्या टॉप-५०० यादीत ६३ वा आला. त्यातली यंत्रं इन्फिनिबँडच्या वेगवान जाळ्यानं जोडली होती. ते जाळं मंद असतं तर महागडी कार्डं एकमेकांची वाट बघत बसली असती.

चिप डिझाइन यायलाच हवं, असंही नाही. लिनक्स, नेटवर्किंग, पायथन पक्कं हवं, आणि ग्राहकाला ‘एवढं लागणार नाही’ हे सांगता आलं पाहिजे.

आणि पुलगावात बसून जमेल का? चाचण्या दूरच्या सर्व्हरवर होतात, तेवढं जमेल. पण सर्व्हर रूम बघायला आणि बैठकांना मुंबई-पुण्याच्या चकरा मारायची तयारी हवी.