पॉप-अप एकच, चेहरे वेगवेगळे

आजचा विषय वरवर किरकोळ वाटेल: मोबाईलवर मध्येच उघडणारी ती छोटी चौकट, म्हणजे पॉप-अप डायलॉग.

उदाहरण आपल्या बांधावरचंच घेऊ. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी स्वतः शेतात जाऊन पिकाचा फोटो काढतो, सोबत अक्षांश-रेखांश जातात आणि सातबाऱ्यावर पीक लागतं. नुकसानभरपाईच्या वेळी हीच नोंद बघतात. यासाठी फोन कॅमेरा आणि लोकेशनची परवानगी मागतो. आता शेवगाव-पाथर्डीकडच्या एखाद्या घरातले तीन फोन शेजारी ठेवा. प्रश्न एकच, पण चौकट तिन्हीकडे वेगळी! असं का?

कारण डायलॉग दोन प्रकारचे असतात.

पहिला सिस्टीमचा. परवानगीची चौकट अँड्रॉइड स्वतः दाखवतं. तिचा रंग, बटणं काहीच डेव्हलपरच्या हातात नाही. हे मुद्दामच आहे, नाहीतर कुणीही नकाराचं बटण लपवलं असतं. अँड्रॉइड ६ मध्ये (२०१५) ही चौकट आली. १० मध्ये 'फक्त ॲप वापरताना' हा पर्याय आला, ११ मध्ये 'फक्त या वेळी', तर १२ मध्ये लोकेशन नेमकं द्यायचं की अंदाजे, ही निवड. अंदाजे म्हणजे साधारण ३ चौरस किलोमीटरचा परिसर. त्यात तुमचा गट कसा सापडणार? शेताच्या फोटोसाठी नेमकंच निवडा. आणि ११ पासून दोनदा नकार दिला की ॲप पुन्हा विचारू शकत नाही, सेटिंग्जमध्येच जावं लागतं.

दुसरा ॲपचा स्वतःचा, उदाहरणार्थ 'नोंद जतन करायची का?' याची सजावट डेव्हलपरची. फोनमधला तयार डायलॉग वापरला, तर तो त्या व्हर्जनचे कपडे घालतो: अँड्रॉइड ४ वर होलो, ५ पासून मटेरियल. म्हणून ॲपकॉम्पॅट किंवा मटेरियल लायब्ररीचा डायलॉग घ्यायचा. त्याचं रूप ॲपसोबतच येतं, त्यामुळे सगळीकडे जवळपास सारखं दिसतं.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. रंग थीममधून घ्या. अक्षरं कायमची काळी ठेवली, तर डार्क मोडमध्ये काळ्यावर काळं, वाचणार काय? आणि चौकटीची उंची ठरवून टाकू नका. आजोबांनी अक्षरं मोठी केलेली असतात, मग खालचं बटण कापलं जातं.

घरी कुणाचं ॲप अडलं, तर ॲप काढून टाकण्याआधी सेटिंग्जमधल्या परवानग्या एकदा बघा. चला, भेटू पुढच्या भागात!