मच्छरदाणी लावली, पण कड नीट खोचली का? मलेरिया आणि मण्यारपासून वाचवणारी अंथरुणाची साधी पद्धत

गोंदिया : धानाच्या बांध्यांत पाणी साचले की डासांचा त्रास वाढतो आणि सापही कोरड्या जागेच्या शोधात घरांकडे वळतात. अशा वेळी बहुतेक घरांत मच्छरदाणी लावली जाते. मात्र, रात्री कूस बदलताना चादर सरकते, गादी हलते आणि मच्छरदाणीची कड बाहेर येते. तेवढी फट डासाला पुरते आणि सापालाही.

गोंदियात धोका जास्त का?

जिल्ह्यात माजी मालगुजारी म्हणजे ‘मामा’ तलाव, धानशेती आणि जंगल जवळजवळ आहे. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव हे तालुके जंगलपट्ट्यातील आहेत. मलेरिया पसरवणारा ॲनाफिलीस डास प्रामुख्याने संध्याकाळ ते पहाट या वेळेत चावतो. म्हणजेच घरातील माणसे झोपेत असताना.

मण्यार हा अतिविषारी सापही रात्रीच फिरतो. घरात धानाची पोती असली की उंदीर येतात आणि त्यांच्या मागे साप. जमिनीवर झोपलेल्यांना मण्यारचा दंश होण्याचा धोका अधिक असतो. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाल्याचा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. नीट खोचलेली मच्छरदाणी लावून झोपावे, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्पदंशविषयक मार्गदर्शक सूचनांतही आहे.

अंथरुणाचे थर कसे लावावेत?

१. सर्वांत खाली सतरंजी : खाटेच्या विणीतील फटींमधून डास खालून वर येतात. त्यामुळे पूर्ण खाट झाकेल अशी सतरंजी किंवा चटई आधी टाका. गादी लाकडावर किंवा प्लास्टिकच्या पट्ट्यांवर घसरत असेल, तर सतरंजीमुळे तीही जागेवर राहते.

२. मग गादी आणि चादर : चादर चारही बाजूंनी गादीखाली दुमडा. चादर अपुरी पडत असेल, तर समोरासमोरचे कोपरे गादीखालून नाडीने बांधा. चादर घट्ट असली की ती ओढली जाऊन मच्छरदाणी सुटत नाही.

३. शेवटी मच्छरदाणी : कड किमान वीतभर गादीखाली जाईल एवढी दोरी सैल ठेवा. मच्छरदाणी उंच ताणून बांधली की कड आपोआप वर ओढली जाते. कोपऱ्यांकडे विशेष लक्ष द्या. फट बहुतेक वेळा तिथेच राहते.

४. पांघरूण आतच : गोधडी किंवा चादर खाटेखाली लोंबू देऊ नका. जमिनीला टेकलेल्या कपड्यावरून साप, विंचू वर चढू शकतात.

जमिनीवर झोपत असाल तर?

शक्यतो खाटेवर झोपा. ते शक्य नसेल, तर मच्छरदाणीची कड चारही बाजूंनी चटईखाली किंवा गादीखाली दाबा. अंथरूण भिंतीपासून थोडे दूर आणि धानाच्या पोत्यांपासून लांब ठेवा. झोपण्यापूर्वी अंथरूण झटका, टॉर्चने आतून पाहा. रात्री उठावे लागले, तर एकाच बाजूची कड उचला आणि परत आल्यावर ती पुन्हा खोचा. कवेलूच्या घरात वरून पडणारे किडे, विंचूही मच्छरदाणीमुळे अडतात.

औषधी मच्छरदाणीची काळजी

कीटकनाशकभारित मच्छरदाणी वापरण्यापूर्वी २४ तास सावलीत टांगा. धुताना थंड पाणी आणि साधा साबण वापरा, वाळवणेही सावलीतच. तलावात किंवा नदीत धुऊ नका, त्यातील औषध मासोळ्यांना घातक असते. अशी मच्छरदाणी साधारण ३ वर्षे किंवा २० धुण्यांपर्यंत प्रभावी राहते. छिद्र दिसताच शिवून घ्या. मासे पकडण्यासाठी किंवा भाजीच्या वाफ्याला कुंपण म्हणून तिचा वापर टाळा. झोपेत हात-पाय जाळीला टेकणार नाहीत एवढी जागाही ठेवा.

ही लक्षणे दिसली तर थांबू नका

मण्यारचा दंश अनेकदा दुखत नाही. दातांच्या खुणाही दिसत नाहीत. रात्री बरा झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी, उलटी, जड पापण्या, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असल्याचे सांगत असेल, तर सर्पदंशाची शंका घ्या. दोरी बांधणे, चिरा देणे, झाडफूक यांत वेळ घालवू नका. रुग्णाला चालू न देता १०८ वर फोन करून तातडीने रुग्णालयात न्या. भारतात मिळणारे प्रतिसर्पविष मण्यारच्या विषावरही चालते. मात्र ते लवकर मिळणे महत्त्वाचे असते.

थंडी वाजून ताप आल्यास आशा सेविका किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून रक्त तपासून घ्या. तपासणीत मलेरिया आढळल्यास गोळ्यांचा पूर्ण डोस घ्या, ताप उतरला तरी मध्येच सोडू नका.