पावडरीचा डबा नंतर, आईचे ताट आधी

मागच्या महिन्यात बोईसरच्या एका विहारात आम्ही मुलांचे वजन-उंची मोजायला बसलो होतो. कारखान्यात कंत्राटी पॅकिंगचे काम करणारी एक ताई आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आली. "ह्याची उंचीच वाढत नाही. टीव्हीवर दाखवतात ती पावडर देते, तरी नाही." डब्याच्या किमतीत चार दिवसांची भाजी आणि डझनभर अंडी आली असती. ताईला स्वतःला पाचवा महिना लागला होता. सकाळपासून काय खाल्ले विचारले, तर दुपारी दोनपर्यंत चहा आणि खारी.

आमचे लक्ष मुलावरून ताईकडे गेले. कारण मुलाची जी उंची हुकली, तिचा मोठा भाग त्याला दोन वर्षे पूर्ण होण्याआधीच हुकला होता. गरोदरपणाचे २७० दिवस आणि पुढची दोन वर्षे मिळून सुमारे १,००० दिवस होतात. हाडे, मेंदू, रक्त यांचा पाया याच काळात भरला जातो. मुलगा मोठा झाला म्हणून हात झटकायचे नाहीत, त्याला रोज डाळ आणि अंडे मिळालेच पाहिजे. पण पाया परत खणता येत नाही.

आपल्या जिल्ह्याला उपासमार नवी नाही. १९९२-९३ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत शंभराहून जास्त आदिवासी बालके कुपोषणाने दगावली. ती भूक साऱ्या महाराष्ट्राला दिसली. वस्तीतली भूक मात्र दिसत नाही, कारण पोट वडापावने भरलेले असते आणि शेजारची मुलेही तेवढीच बुटकी असतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली ३५ मुले वयाच्या मानाने खुजी निघाली.

हा प्रश्न नुसत्या उंचीचा असता तर एवढे लिहिले नसते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले, इंग्लंडमधल्या बाळांचे ३.५ किलो. पण आपल्या हडकुळ्या बाळांच्या कातडीखालची चरबी तेवढ्या प्रमाणात कमी नव्हती. कमी पडले होते ते स्नायू. पोटात अन्न अपुरे आले की बाळाचे शरीर मेंदू वाचवते आणि बाकीच्या अवयवांत काटकसर करते, असे संशोधक सांगतात. पुढे तेच मूल शहरात येते, बसून काम करते, तळलेले खाते आणि चाळिशीतच साखर धरते. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे उपासमार झाली, तेव्हा पोटात असलेल्या मुलांमध्येही मोठेपणी रक्तातल्या साखरेची तक्रार जास्त आढळली. आपल्याकडे ७२ च्या दुष्काळात सुकडी खाऊन ज्यांच्या आयांनी खडी फोडली, ती मुले आज पन्नाशीपुढे आहेत.

पुण्याच्या त्याच अभ्यासात पालेभाजी, फळे आणि दूध वरचेवर खाणाऱ्या मातांची बाळे जास्त भरलेली निघाली. यातले काहीच महाग औषध नाही. शेवग्याचा पाला, माठ, पेरू, केळे, चणे-गूळ. सातपाटीचा पापलेट आपल्याला परवडत नाही, पण मूठभर सुकट किंवा दोन सुके बोंबील परवडतात. अंडे, मासे, दूध यांतले बी-१२ भाजीपाल्यातून मिळत नाही. तेव्हा आपल्या चुलीवरच्या सुकटीच्या वासाची लाज कशाला बाळगायची? लोहाच्या गोळीसोबत चहा नको, तासभर अंतर ठेवावे आणि गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. "जास्त खाल्लेस तर बाळ मोठे होऊन बाळंतपण अडेल," असे आजी म्हणते. आजीचा मान ठेवावा, पण हे ऐकू नये.

बाळाला सहा महिने फक्त अंगावरचे दूध, वरचे पाणीसुद्धा नाही. सातव्या महिन्यापासून अंगावरच्या दुधासोबत घट्ट वरणभात कुस्करून, वर चमचाभर तेल. डाळीचे वरवरचे पाणी पाजून बाळ वाढत नाही. अंगणवाडीत दर महिन्याला वजन करून घ्यावे आणि तक्त्यावरची रेघ वर जाते की आडवी पडते, ते स्वतः पाहावे.

आळवीचा भुकेला शेतकरी देशना ऐकायला आला, तेव्हा तथागतांनी आधी त्याला जेवू घालायला सांगितले, ही कथा आपल्या विहारात सांगितली जाते. घरात मात्र सगळ्यांचे झाल्यावर उरलेसुरले आईच्या ताटात पडते. निदान पोट असताना तरी तिने सगळ्यांबरोबर बसावे.

बाबासाहेबांनी १९२८ मध्येच मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. आज पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पगारी रजा आहे आणि कामावर परतल्यावर मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा दूध पाजायची सुट्टी आहे. कंत्राटी बाईलाही हा हक्क आहे. अट एवढीच, की प्रसूतीआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेले असावे. पगारातून ईएसआयची कपात होत असेल तर लाभ तिथून मिळतो, त्याची अट ७० दिवसांच्या वर्गणीची आहे. शिवाय मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळाला ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाल्यास ६,००० रुपये मिळतात. त्यासाठी अंगणवाडी ताई किंवा आशा ताईला विचारावे.

त्या ताईला यातले काहीच कुणी सांगितले नव्हते. पगाराच्या चिठ्ठ्या तिने डब्याच्या पिशवीत जपून ठेवल्या होत्या. आम्ही तिथेच बसून हजेरी मोजली. ८० दिवस कधीच ओलांडले होते.